फ्लॅग मिळाला म्हणून लुकाचा ट्रेड बरोबर ठरत नाही

डॅलस मॅव्हरिक्स या एनबीए बास्केटबॉल टीमच्या फॅन्समध्ये हल्ली एक नवीन सूर निघायला लागलाय. लुका डॉन्चिच, टीमचा सगळ्यात मोठा स्टार, ट्रेडमध्ये म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत गेला ते वाईटच झालं, पण बघा ना, तो गेला नसता तर टीम एवढी खाली आली नसती, खाली आली नसती तर ड्राफ्टच्या लॉटरीत (मागे राहिलेल्या टीम्समधून नवीन खेळाडू आधी कोणी निवडायचा ते चिठ्ठीने ठरतं ती) नाव आलं नसतं, आणि मग कूपर फ्लॅगसारखा पहिल्या नंबरचा पोरगा कुठून मिळाला असता, म्हणजे शेवटी झालं ते बऱ्यासाठीच झालं. हा सूर लावणाऱ्यांत माझे काही मित्रपण आहेत, चांगले शिकलेसवरलेले, वीस-वीस वर्षं एनबीए बघणारे. मला हे अजिबात पटत नाही. आणि नुसतं डॅलसपुरतं म्हणत नाहीये मी, या एका युक्तिवादात अख्ख्या लीगचा आणि आपल्यासारख्या प्रेक्षकांचा झोल दडलेला आहे असं माझं मत आहे.

आधी काय झालं ते आठवा. २ फेब्रुवारी २०२५, आपल्याकडे रविवारची सकाळ, अमेरिकेत मध्यरात्र उलटलेली, आणि एनबीएच्या बातम्या फोडणाऱ्या शॅम्स शरानियाने बातमी टाकली की डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सला दिला. निम्म्या जगाला वाटलं याचं अकाउंट हॅक झालंय. लुका तेव्हा २५ वर्षांचा, सलग पाच वर्षं ऑल-एनबीए फर्स्ट टीममध्ये (वर्षातल्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत), आणि जेमतेम आठ महिन्यांपूर्वी टीमला फायनलपर्यंत घेऊन गेलेला (बॉस्टनने ४-१ धुतलं ते सोडा, फायनल ती फायनल). बदल्यात आलं काय, तर ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्ती आणि लेकर्सचा २०२९ चा फर्स्ट राउंड पिक, म्हणजे त्या वर्षीच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत खेळाडू निवडायचा हक्क. एक पिक! सहा-सात महिने आधी न्यूयॉर्क निक्सनी मिकल ब्रिजेससाठी पाच फर्स्ट राउंड पिक मोजले होते, ज्या ब्रिजेसने तोवर एकही ऑल-स्टार मॅच खेळली नव्हती. याच डेव्हिसला २०१९ मध्ये घेताना लेकर्सनी न्यू ऑर्लिन्सला लोंझो बॉल, ब्रँडन इन्ग्रम, जॉश हार्ट आणि वर तीन फर्स्ट राउंड पिक दिले होते. म्हणजे डेव्हिस तरुण असताना त्याचा जो भाव होता तेवढासुद्धा डॅलसला लुकाचा वसूल करता आला नाही, कारण त्यांनी बाकी टीम्सना विचारलंच नाही, गुपचूप एकाच दुकानात जाऊन माल विकून आले.

दुसऱ्या दिवशी डॅलसच्या स्टेडियमबाहेर, अमेरिकन एअरलाइन्स सेंटरपाशी, टीमचा जुना हिरो डर्क नोविट्झकीच्या पुतळ्याजवळ, लोक शवपेटी घेऊन आले. नंतर कित्येक आठवडे मॅचमध्ये 'फायर निको'च्या घोषणा (निको हॅरिसन म्हणजे ट्रेड करणारा डॅलसचा जनरल मॅनेजर, जीएम), पाट्या धरणाऱ्यांना बाहेर काढणं, सगळं झालं. आणि तेव्हा एका वर्गाने काय म्हटलं, की फॅन लोक भावनिक असतात, त्यांना पोरगा लाडका होता म्हणून रडतायत, धंद्याचं गणित त्यांना काय कळणार. माझं म्हणणं असं की गणित त्या शवपेटीवाल्यांनाच बरोबर कळलं होतं. २५ वर्षांचा सुपरस्टार देऊन ३१ वर्षांचा, वारंवार दुखापत होणारा खेळाडू घ्यायचा आणि वर एकच पिक, हे चुकीचं आहे हे कळायला भावना कशाला लागते? डेव्हिस पहिल्याच मॅचला २६ पॉइंट, १६ रिबाउंड करून तिसऱ्या क्वार्टरमध्ये जायबंदी होऊन बाहेर गेला. मी त्याला दोष देत नाही, पण हे होऊ शकतं हे त्याचा आधीचा रेकॉर्ड बघितलेल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं.

निको हॅरिसनची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितोय. त्याचं म्हणणं होतं की चॅम्पियनशिप डिफेन्सने जिंकतात आणि लुका डिफेन्समध्ये कच्चा. फिटनेसबद्दल टीममध्ये नाराजी असल्याच्या बातम्या होत्या, पोटरीच्या दुखापतीने तो तेव्हा बाहेर होताच. त्यात पुढच्या उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचं साधारण ३४.५ कोटी डॉलरचं सुपरमॅक्स कॉन्ट्रॅक्ट द्यावं लागणार होतं, आणि २०२३ च्या करारानंतर पगाराची दुसरी मर्यादा ओलांडणाऱ्या टीमचे हातपाय एवढे बांधले जातात की कुठलाही जीएम दहादा विचार करेल. ठीक आहे. पण विचार करून जर विकायचंच ठरलं तर निदान बाजारात बोली तरी लावा. आणि मुळात ज्याच्या जिवावर फायनल गाठली त्याचे नखरे सहन करणं हे जीएमच्या कामातच येतं की हो.

आता लॉटरी. ते सीझन डॅलसने ३९-४३ वर संपवलं, प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या शेवटच्या जागांसाठीच्या मॅचमध्ये) सॅक्रामेंटोला हरवलं आणि मेम्फिसकडून हरले. मार्चमध्ये डॅलसचा दुसरा स्टार कायरी अर्विंगच्या गुडघ्याचा एसीएल लिगामेंट फाटला होता. मग १२ मे २०२५ ला शिकागोत लॉटरी. १४ चेंडू असतात, त्यातले ४ काढतात, १००१ कॉम्बिनेशन होतात, एक बाद करून उरलेली १००० टीम्सना वाटून देतात. डॅलसकडे त्यातली १८ होती. १.८ टक्के. आणि नंबर लागला. आपल्याकडे म्हणतात दैव देतं आणि कर्म नेतं, इथे कर्माने आधी नेलं आणि मग दैवाने दिलं. लगेच कट-कारस्थानवाले जागे झाले की लीगने लुका लेकर्सला मिळवून दिल्याची भरपाई केली वगैरे. १९८५ ला पहिल्या लॉटरीत पॅट्रिक ईविंग निक्सना मिळाला तेव्हा (चिठ्ठ्या पाकिटातून काढायचे) निक्सचं पाकीट हाताला ओळखू यावं म्हणून फ्रीजमध्ये ठेवून गार केलं होतं असं म्हणणारे लोक आजही आहेत, तसलंच हे. मला त्यात जायचं नाही.

मुद्दा एवढाच की कायरीची दुखापत हॅरिसनच्या नावावर लावता येत नाही हे त्याचे समर्थक सांगतात, बरोबर सांगतात, तर मग १००० पैकी १८ कॉम्बिनेशनमधून आलेला फ्लॅग त्याच्या नावावर कसा काय लावता? निर्णय झाला त्या दिवशी समोर काय होतं त्यावरून तो चांगला की वाईट ते ठरतं. नंतर रस्त्यात पैसे सापडले म्हणून घर स्वस्तात विकणारा शहाणा होत नाही. बरं मालकांनाही हे शेवटी कळलं असावं, कारण नवीन सीझनची सुरुवात ३-८ झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसनला घरी पाठवलं, फ्लॅग टीममध्ये असूनसुद्धा.

मग आपल्याला हा युक्तिवाद इतका सहज का पटतो? माझ्या मते याला कारण ड्राफ्टचं वेड. एनबीएचा फॅन आता मॅच कमी बघतो आणि ड्राफ्ट जास्त बघतो. नोव्हेंबरमध्ये कॉलेज सीझन सुरू झाला की मॉक ड्राफ्ट (कोण कोणत्या नंबरला जाईल याचे अंदाज) सुरू, कोणाच्या हाताचा पसारा किती, कोण विशीच्या आत, कोणाचा शॉट सुधारेल, आणि ट्रेडच्या डेडलाइनला तर काय, ट्रेड मशीन नावाच्या वेबसाइटवर पगार जुळवत बसलेले लोक, हा दे तो घे, वर दोन सेकंड राउंड पिक टाक. मला स्वतःला यात भयंकर मजा येते, खोटं कशाला बोलू. उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं सुख नाही. पण या खेळात हळूहळू आपली भाषा बदलली. खेळाडूला आपण 'ॲसेट' म्हणायला लागलो, त्याच्या कॉन्ट्रॅक्टला 'चांगली व्हॅल्यू' म्हणायला लागलो, आणि मॅच हरलो तर 'बरं झालं, लॉटरीत एक नंबर वर गेलो' म्हणायला लागलो. तिकीट आपण काढायचं, जर्सी आपण विकत घ्यायची आणि विचार मात्र मालकाच्या बाजूने करायचा, तोही फुकट. भविष्य नेहमी गोड असतं ना, पिक कधी एअरबॉल मारत नाही, पिकला दुखापत होत नाही. त्यामुळे ज्या जीएमला आज काही करून दाखवता येत नाही त्याच्यासाठी पिकसारखी लपायला दुसरी जागा नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणाऱ्याला आपणच दूरदृष्टीवाला म्हणतो.

पण सगळा दोष फॅनवर ढकलून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही. नियमच असा आहे की हरलात तर बक्षीस मिळतं, मग माणूस हरण्यावर खूश होणारच की. आणि याचा सगळ्यात चांगला दाखला पुन्हा डॅलसच आहे.

२०१७-१८ मध्ये मॅव्हरिक्स २४-५८. तेव्हाचे मालक मार्क क्युबन एका पॉडकास्टवर बोलून गेले की आपण खेळाडूंना सांगितलंय, हरणं हाच आपल्यासाठी सगळ्यात चांगला पर्याय आहे. लीगने ६ लाख डॉलर दंड केला. आणि त्या उन्हाळ्यात डॅलसला पाचवा पिक मिळाला, त्याच्या जोडीला पुढच्या वर्षीचा पिक देऊन त्यांनी अटलांटाकडून लुका घेतला. ६ लाखात लुका! पुढे २०२३ चा एप्रिल. टीमला प्ले-इनची थोडी का होईना आशा शिल्लक होती, पण त्यांचा पिक पहिल्या दहात आला तरच त्यांच्याकडे राहणार होता, नाहीतर पोर्झिंगिसच्या जुन्या ट्रेडमुळे न्यूयॉर्कला जाणार होता. मग शिकागोविरुद्ध कायरीसकट अर्धी टीम बाकावर बसवली, लुकाला पहिला क्वार्टर खेळवून काढून घेतलं, आणि मॅच हरले. दंड साडेसात लाख डॉलर. पिक आला बरोबर दहावा, तो ओक्लाहोमाशी बदलून बाराव्या नंबरवर डेरेक लाइव्हली घेतला आणि वर एक महागडं कॉन्ट्रॅक्ट गळ्यातून काढलं. लाइव्हली पुढच्याच वर्षी फायनल खेळत होता. तुम्ही मला सांगा, या टीमने यातून काय धडा घ्यावा? दंड भरा, पावती फाडा, पुढे चला.

आता ज्यांना वाटतं की हरणं ही साधना आहे त्यांच्यासाठी फिलाडेल्फिया. सॅम हिंकी २०१३ मध्ये जीएम म्हणून आला, आला तसा जरू हॉलिडेला विकला. हॉलिडे २३ वर्षांचा होता आणि नुकताच ऑल-स्टार झाला होता. बदल्यात नर्लेन्स नोएल आणि पुढच्या वर्षीचा एक पिक. मग सलग तीन सीझन १९-६३, १८-६४ आणि १०-७२. तीन वर्षांत २४६ मॅच, जिंकल्या ४७. आणि लोक टीशर्ट घालून 'ट्रस्ट द प्रोसेस' म्हणत नाचत होते, हे मला आजही कळत नाही, म्हणजे कळतं, हरणाऱ्या टीमच्या फॅनला काहीतरी मोठं कारण हवं असतं आपल्या दुःखाला. हिंकीने २०१६ मध्ये १३ पानी राजीनामा लिहून निरोप घेतला. हाती काय लागलं? जोएल एम्बीड, नक्कीच, २०२३ चा एमव्हीपी. पण ओकाफोर तिसरा पिक, फुकट. बेन सिमन्स पहिला पिक, त्याचं काय झालं सगळ्यांना माहीत आहे. २०१७ ला पहिला पिक मिळवण्यासाठी बॉस्टनला वर एक पिक देऊन मार्केल फुल्ट्झ घेतला, आणि बॉस्टनने शांतपणे तिसऱ्या नंबरवर जेसन टेटम उचलला. एवढं करून २०२५ पर्यंत ही टीम दुसऱ्या राउंडच्या पुढे गेलेली नाही. आणि तो हॉलिडे, ज्याला भविष्यासाठी विकला होता, त्याने २०२१ ला मिलवॉकीकडून आणि २०२४ ला बॉस्टनकडून, अशा दोन चॅम्पियनशिप जिंकल्या.

आणि फिलाडेल्फियाला निदान एम्बीड तरी मिळाला. सॅक्रामेंटो किंग्ज बघा. आपल्याकडच्या लोकांना ही टीम जरा जवळची, कारण मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले आणि २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच झाल्या त्या याच टीमने इंडियाना पेसर्सशी खेळल्या. ही टीम लागोपाठ १६ सीझन प्लेऑफला गेली नाही. दर वर्षी हरायचं, दर वर्षी वरचा पिक घ्यायचा. २०१२ ला पाचवा, २०१३ ला सातवा, २०१४ ला आठवा, २०१५ ला सहावा, आणि या चौघांपैकी एकाचं तरी नाव आज पटकन आठवतंय का बघा. २०१८ मध्ये तर दुसरा पिक हातात होता, समोर लुका होता, आणि त्यांनी घेतला मार्विन बॅगली. तेव्हा तिथे निर्णय घेणारा व्लादे दिवात्स, म्हणजे तोच, ज्याला १९९६ मध्ये देऊन लेकर्सनी कोबी ब्रायंट घेतला होता. काही माणसांच्या नशिबी लेकर्सला फायदा करून देणंच लिहिलेलं असतं बहुतेक. हे सगळं सांगायचं कारण की ड्राफ्टमागचा सिद्धांत असा आहे, कमकुवत टीमला चांगला पोरगा द्या म्हणजे ती सुधारेल. पण जी टीम वाईट असते ती बऱ्याचदा वाईट निर्णय घेणाऱ्या लोकांमुळे वाईट असते, आणि तुम्ही सगळ्यात मौल्यवान निर्णय नेमका त्याच लोकांच्या हातात देताय.

इथे लोक ओक्लाहोमाचं नाव काढतात, आणि तो मुद्दा खरंच वजनदार आहे. २०२०-२१ मध्ये २२-५०, पुढच्या वर्षी २४-५८, सरळसरळ हरत बसले, आणि २०२५ मध्ये ६८-१४ करून चॅम्पियन. मग टँकिंग, म्हणजे पिकसाठी मुद्दाम हरणं, चालतं की! पण जरा ती टीम उघडून बघा. शे गिल्जस-अलेक्झांडर, एमव्हीपी, तो २०१९ च्या पॉल जॉर्जच्या ट्रेडमध्ये क्लिपर्सकडून आला, वर पाच फर्स्ट राउंड पिक आले. जेलन विल्यम्स बारावा पिक, तोही क्लिपर्सचाच पिक. लू डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नव्हता. हरून मिळालेला एकच मोठा खेळाडू, चेट होल्मग्रेन, दुसरा पिक. जॉश गिडी पण हरून मिळाला होता, सहावा पिक, पण तो उपयोगी पडला अॅलेक्स करूसो आणायला. म्हणजे ओक्लाहोमाचा जीएम सॅम प्रेस्टीने चॅम्पियनशिप कमावली ती खेळाडू ओळखून आणि सौदे नीट करून. त्याला हरवा किंवा जिंकवा, त्याने टीम बांधलीच असती असं मला वाटतं.

बाकीचे चॅम्पियनही बघा ना. डेन्व्हरचा योकिच ४१ वा पिक, त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. मिलवॉकीचा यानिस १५ वा. गोल्डन स्टेटचे करी ७ वा, क्ले थॉम्पसन ११ वा, ड्रेमंड ३५ वा. २०१९ च्या टोरोंटोमध्ये कवाय १५ वा, लाउरी २४ वा, सियाकम २७ वा, व्हॅनव्लीट ड्राफ्टच झालेला नाही. आणि टोरोंटोचं उदाहरण माझ्या विरोधात वापरणारे असतील तर त्यांनाही उत्तर देतो. हो, त्यांनीही डेमार डिरोझनसारखा लाडका माणूस विकला होता, फॅन तेव्हाही रडले होते. पण त्यांनी त्याच्यापेक्षा सरस खेळाडू घेतला आणि त्याच वर्षी जिंकायला घेतला. लाडका खेळाडू कधीच विकू नये असं माझं म्हणणं नाही, विकून टीम आज चांगली झाली का एवढंच विचारा.

शिवाय हरूनसुद्धा बक्षीस हमखास नाही. २०१९ पासून सगळ्यात वाईट तीन टीम्सना पहिल्या पिकची संधी प्रत्येकी १४ टक्केच असते, आणि तळाच्या टीमला पाचवा पिक मिळण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के. डेट्रॉइट २०२३ मध्ये शेवटचे आले, व्हिक्टर वेम्बान्यामा सॅन अँटोनियोला गेला, यांना पाचवा. २०२४ मध्ये सलग २८ मॅच हरून पुन्हा शेवटचे, पुन्हा पाचवा. युटाने २०२५ मध्ये १७-६५ केलं, लॉरी मार्कनेनला बसवल्याबद्दल १ लाख डॉलर दंड भरला, पाचवा. लीग म्हणते बघा, आम्ही टँकिंगला आळा घातला. कसला आळा? हरणं बंद झालंच नाही, फक्त आता चार-पाचऐवजी आठ-दहा टीम्स हरायचा प्रयत्न करतात, कारण थोडं हरलं तरी चान्स असतो. आणि डॅलसच्या १.८ टक्क्यांनी तर सगळ्यांनाच आशा लावली.

आपल्या आयपीएलमध्ये ड्राफ्ट नाही, ऑक्शन आहे, सगळ्यांची पर्स सारखी, शेवटी आलात म्हणून कोणी जास्त पैसे देत नाही. मुंबई इंडियन्स २०२४ मध्ये १४ पैकी ४ जिंकून दहावे आले, त्यांना काय मिळालं? काही नाही, शिव्या मिळाल्या. त्यामुळे मुंबईचा एकही फॅन एप्रिलमध्ये 'हरा रे बाबांनो' म्हणत नव्हता. हार्दिकला मात्र वानखेडेवर जे हूटिंग झालं ते मला आवडलं नव्हतं, शेवटी विराट कोहलीला हात करून लोकांना थांबवावं लागलं. निर्णय मॅनेजमेंटचा आणि शिव्या खेळाडूला. डॅलसवाल्यांनी ते बरोबर केलं, डेव्हिसला टाळ्या आणि घोषणा जीएमच्या नावाने.

एक बाजू अजून राहिली, त्या पोरांची. समजा कॉलेजच्या प्लेसमेंटला नियम असा केला की ज्या कंपनीचा ताळेबंद सगळ्यात खराब तिने टॉपरला आधी उचलायचं, पगार ठरलेला, टॉपरला नाही म्हणायची सोय नाही, आणि पुढची चार वर्षं तिथेच. चालेल का आपल्याला? तिथे मात्र अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराबाबत हे सगळं बिनबोभाट चालतं, वर त्याला टोपी घालून स्टेजवर कमिशनरशी हात मिळवायला लावतात आणि आपण टाळ्या पिटतो. सतनाम सिंग आठवतो ना, २०१५ मध्ये ५२ वा पिक, एनबीएने घेतलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू, घेणारी टीम पुन्हा डॅलसच. इथे काय बातम्या झाल्या होत्या! एनबीएची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही, पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. ड्राफ्टच्या रात्रीचा गाजावाजा आणि पुढचं आयुष्य यांचा फार संबंध नसतो.

मग करायचं काय? ड्राफ्टच काढून टाका असं म्हणणारे आहेत, माझं मन तिकडे झुकतं पण ते होणार नाही हे मलाही कळतं, मालकांना स्वस्तात चार वर्षं वापरता येणारे खेळाडू कोण सोडेल. एक जुनी सूचना बॉस्टनच्या माइक झॅरेनची, चक्र पद्धत, प्रत्येक टीमला ३० वर्षांत पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत प्रत्येक नंबर एकदा, आधीच ठरलेला, हरलात काय जिंकलात काय. स्वच्छ आहे, पण तुमची टीम खरंच गाळात असताना तुमचा २८ वा नंबर आला तर लोक वेडे होतील. मला जास्त पटते ती उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या हॉकी लीगमधली, पीडब्ल्यूएचएलमधली पद्धत. तिथे प्लेऑफमधून गणिताने बाहेर पडल्यानंतर जी टीम जास्त पॉइंट मिळवेल तिला पहिला पिक. म्हणजे कमकुवत टीम आधी बाहेर पडते, तिला पॉइंट मिळवायला मॅच जास्त मिळतात, हा फायदा तिचा राहतोच, पण पिक मिळवायचा तर जिंकावं लागतं. मार्चमधल्या त्या मढ्यासारख्या मॅचना एकदम जीव येईल. लोक म्हणतील मग टीम्स सुरुवातीलाच हरून लवकर बाहेर पडतील. पडू देत, नंतर जिंकायला चांगली टीम लागणारच ना, ऑक्टोबरमध्ये मोडून ठेवलेली टीम मार्चमध्ये कुठून जिंकणार?

आणि त्याच्या जोडीला प्रोटेक्शनचा प्रकार बंद करा. पिक दिला तर दिला. 'पहिल्या दहात आला तर माझा, नाहीतर तुझा' हे असलं कलम नसतं तर २०२३ चा तो शिकागोविरुद्धचा तमाशा झालाच नसता. दुर्दैवाने प्रोटेक्शनवर फॅन लोक कधी बोलत नाहीत कारण ते किचकट आहे, आणि किचकट असल्यामुळेच जीएमना ते आवडतं.

आता २०२५-२६ च्या सीझनमधलं भांडण. डॅलसचे २०२७ पासून २०३० पर्यंतचे स्वतःचे पिक एकतर दुसऱ्यांना गेलेत नाहीतर स्वॅपमध्ये (समोरच्या टीमला पिक बदलून घेता येतो त्या करारात) अडकलेत, शार्लट, ओक्लाहोमा, ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, सगळ्यांकडे एकेक. हातात राहिला २०२६ चा. आणि २०२६ च्या ड्राफ्टमध्ये डॅरिन पीटरसन, एजे डिबान्ट्सा, कॅमरून बूझर अशी नावं. त्यामुळे निम्मे फॅन म्हणत होते की हीच शेवटची संधी, हरा, फ्लॅगच्या जोडीला दुसरा स्टार आणा. डिसेंबर २०२५ मध्ये फ्लॅगने युटाविरुद्ध ४२ पॉइंट काढले, अठराव्या वर्षी ४० च्या वर जाणारा एनबीएतला पहिला खेळाडू, आणि टीम ओव्हरटाइममध्ये हरली. तर माझ्या एका मित्राचा मेसेज काय, 'परफेक्ट रिझल्ट.' मी त्याला विचारलं, ओव्हरटाइममध्ये तू कोणाच्या बाजूने होतास? त्याने उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशीचा मॉक ड्राफ्ट पाठवला. त्यात डॅलसला चौथा पिक दाखवला होता.